एम-पंधराचा कौल

तारे पांढरे नसतात. हे वाक्य मी गेल्या वर्षभरात बायकोला, सासऱ्यांना, ऑफिसातल्या लोकांना, इस्त्रीवाल्याला आणि एकदा तर चुकून माझा नंबर लागलेल्या एका अनोळखी माणसाला फोनवर सांगितलेलं आहे. त्या माणसाने निदान "बरं" तरी म्हटलं. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. काही तारे केशरी असतात, काही पिवळसर, काही निळे. ज्याला पटत नसेल त्याने मान वर करून बघावं. तो मुलुंडमध्ये राहत असेल तर बघू नये, कारण काही दिसणार नाही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवावा.

माझं पोट रंगांवर चालतं. भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात मी शेड जुळवायचं काम करतो. गिऱ्हाईक भिंतीचा एक पोपडा आणून टेबलावर टाकतं आणि म्हणतं, "हाच पाहिजे." तो मी बनवून देतो. मोतिया आणि हस्तिदंती यांतला फरक मला ट्यूबलाइटखाली सर्दी झालेली असतानाही कळतो. आमच्या स्वतःच्या घरातला रंग मात्र अस्मिताने, म्हणजे माझ्या बायकोने, शेजारणीला विचारून निवडला आहे. त्या रंगाला आमच्या कारखान्यात अजून नाव सापडलेलं नाही. पण तो विषय वेगळा.

तर अशा माणसाच्या फोटोतले तारे पांढरे निघाले, आणि तेही चारचौघांत. पवईला आमच्या आकाशप्रेमी मंडळींचा मेळावा होता. मी एम-पंधराचा फोटो घेऊन गेलो होतो. एम-पंधरा हा गोलाकार तारकागुच्छ. लाखभर तारे एका जागी दाटीवाटीने गोळा होऊन बसलेले, आणि त्यातल्या एकालाही मेंटेनन्स भरावा लागत नाही. दिवाळीच्या सुमारास हा गुच्छ रात्रीच्या जेवणाआधीच डोक्यावर येतो, म्हणून सकाळची शिफ्ट असलेल्या माणसाला परवडतो. माझा फोटो पडद्यावर आला. समोर गंधाली बसली होती. वयाने माझ्या मुलीएवढी, पण फोटोंच्या बाबतीत मंडळात तिचा शब्द शेवटचा. ती म्हणाली, "काका, हा गुच्छ आहे की साबुदाणा सांडलाय?"

हॉल हसला. मीही हसलो. अशा वेळी हसावं लागतं.

पोरगी मनाने चांगली. नंतर चहाच्या टेबलाशी येऊन तिने नीट समजावलं. मी शटर फार वेळ उघडं ठेवत होतो. त्यामुळे प्रकाश मावेनासा होतो, आणि मग कुठलाही तारा, केशरी असो की निळा, पांढराच उमटतो. शटर थोडा थोडा वेळच उघडायचं, पण फोटो ढीगभर काढायचे आणि मग कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. शिवाय आपल्या सूर्यासारखा एखादा तारा धरून त्याच्यावरून बाकीच्यांचे रंग जुळवायचे. म्हणजे थोडक्यात माझंच काम, फक्त पोपडा आकाशातला. "आणि खिडकीच्या ग्रिलमधून नका काढू," ती म्हणाली. "गच्चीवर जा. डिसेंबरात आपलं प्रदर्शन आहे, 'ताऱ्यांचे खरे रंग'. मी भिंतीवर तुमच्यासाठी एक जागा राखून ठेवते. पण रंग खरे पाहिजेत हां, काका."

त्या भिंतीवरची ती एक जागा. मला आयुष्यात बाकी काही नको होतं. प्रमोशन दोनदा हुकलं तेव्हाही मला इतकी ओढ लागली नव्हती.

आमच्या सहजीवन सोसायटीच्या गच्चीला कुलूप असतं आणि चावी सेक्रेटरींकडे असते. सेक्रेटरी म्हणजे सीताराम घाडीगावकर. ए विंगमध्ये राहतात. मी त्यांना काका म्हणतो, कारण त्यांचं गाव आमच्या खवण्याहून फार लांब नाही आणि माझं मुंजीतलं रडणंही त्यांनी पाहिलेलं आहे. गच्चीला कुलूप का, ते कोणालाही आठवत नाही. काही लोक म्हणतात गळतीमुळे, काही म्हणतात डिशच्या वायरींवरून झालेल्या मारामारीमुळे.

"तारे काय पळान जातत काय रे, चंदू?" काका म्हणाले. "अर्ज दी. कमिटीसमोर ठेवतंय."

मी अर्ज दिला. कमिटीने विचारलं, दुर्बीण कुठल्या दिशेला राहील? मी लिहिलं, वर. कमिटीने विचारलं, वर म्हणजे नक्की कुठे? यावर मी एम-पंधरा ज्या तारकासमूहात आहे त्या महाश्वाचं नाक आणि शेजारचा भाद्रपदांचा चौकोन कागदावर काढून दाखवला. मग बी विंगच्या सुहासिनी टीचरांनी हरकत घेतली. टीचर शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांनी माझा अर्ज लाल पेनाने तपासून परत पाठवला आणि खाली लिहिलं, 'दुर्बीण बी विंगच्या खिडक्यांकडे वळणार नाही याची हमी द्यावी.' माझं वय, माझा चष्मा आणि माझी गुडघेदुखी बघूनही एका बाईला अशी शंका यावी, याने मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. मग राग आला.

खरी भानगड वेगळीच होती. आमच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटवरून गेली काही वर्षं युद्ध चालू आहे. दोन बिल्डर आहेत. एकाने सगळ्यांना केशरी पत्रक वाटलं, दुसऱ्याने निळं. दोन्हींत स्विमिंग पूल आहे, दोन्हींत त्याच एका गोऱ्या कुटुंबाचा फोटो आहे, आणि तरीही ए विंग कडवी केशरी झाली आणि बी विंग कडवी निळी. काका केशरी पत्रकवाल्यांचे पुढारी, टीचर निळ्यांच्या. या दोन गटांचं कुठल्याही बाबतीत एकमत होत नाही. टाकीला कधी नवं झाकण बसवायचं ठरलं, तर त्याच्यावरसुद्धा मतदान होतं आणि झाकण तसंच राहतं. मी ए विंगमध्ये राहतो, पण कोणाच्याच बाजूचा नाही. त्यामुळे दोघांनाही खात्री आहे की मी दुसऱ्यांचा आहे.

शेवटी पावसाळा सरल्यावर मला तात्पुरती परवानगी मिळाली. दिवाळी संपेपर्यंत गच्ची माझी. पुढचं पुढे बघू. पहिल्याच संध्याकाळी मी स्टँड लावला, दुर्बीण चढवली, कॅमेरा जोडला, आणि गच्चीच्या दारात शांताबाई जोगदंड उभ्या राहिल्या. त्या गच्चीच्या बरोबर खाली राहतात. हातात लाटणं होतं.

"माझ्या डोक्यावर कोन नाचतंय?" त्यांनी विचारलं.

"मी आहे, शांताबाई. तारे काढतोय."

"काडा की. पन चप्पल काडून काडा. माझा नातू आत्ता कुठं झोपलाय."

मी त्या दिवसापासून मोजे घालून तारे काढतो. गच्चीवर काय काय असतं हे मोजे घातल्याशिवाय कळत नाही.

मग लोकांचे सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने मोबाइल काढून दाखवला. त्यात एक बटण दाबलं की कुठल्याही आभाळात आकाशगंगा येते. "एवढा खटाटोप कशाला?" तो म्हणाला. मी म्हटलं, ती खरी नाही. तो म्हणाला, "पण दिसते तरी!" एकाने विचारलं, या ताऱ्यांचे फोटो नेटवर मिळत नाहीत का? मिळतात. मग? रोज पोळ्या विकत मिळतात तरी अस्मिता घरी करते, एवढंच मला सुचलं, आणि ते मी तिच्यासमोर बोललो ही चूक झाली.

तरीही काम जमत होतं. फोटोत साबुदाणा दिसेनासा झाला होता. तेवढ्यात दिवाळी आली आणि सोसायटीत आकाशकंदील लागले. ए विंगने घरटी केशरी कंदील आणले, तेही एकाच मापाचे. बी विंगने दुसऱ्या दिवशी त्याहून मोठे निळे आणले. दोन्ही विंगांच्या मध्ये आमची गच्ची. त्यात फटाक्यांचा धूर. त्या धुरावर खालून दोन्ही उजेड पडायला लागले आणि माझ्या फोटोत अर्धं आकाश केशरी, अर्धं निळं यायला लागलं. स्टँड ए विंगच्या कठड्याजवळ नेला तर लाखभर तारे केशरी पत्रकाचे. बी विंगच्या बाजूला नेला तर तेच तारे रातोरात फुटून निळ्या गटात. मी शेड जुळवणारा माणूस. मी तीन संध्याकाळी त्या कॉम्प्युटरपुढे बसलो आणि मला खरोखर कळेना की यातला कुठला रंग ताऱ्याचा आणि कुठला घाडीगावकरांचा.

मी काकांकडे गेलो. म्हटलं, थोडा वेळ, संध्याकाळी, सगळ्यांनी कंदील बंद करावेत.

"आधी तेंका करूक सांग," काकांनी बी विंगकडे बोट दाखवलं.

मी टीचरांकडे गेलो. "आम्ही अवश्य बंद करू," त्या म्हणाल्या. "ए विंगचे बंद झालेले दिसले की लगेच."

मी असं किती वेळा वरखाली केलं ते सांगत नाही. गुडघ्यांना माहीत आहे. शेवटी अस्मिताने तोडगा सुचवला. "अहो, दोघांना एकदमच बंद करायला सांगा. एक-दोन-तीन म्हणून." ही साधी गोष्ट मी कमिटीला सांगितली आणि तिथेच माझा घात झाला. कारण सगळी सोसायटी एका वेळी काही करणार म्हटल्यावर तो कार्यक्रम झाला. कार्यक्रम म्हटल्यावर स्टेज आलं. स्टेज आल्यावर माइक, आणि स्टेजवरचे मान्यवर दिसावेत म्हणून हॅलोजन. दोन हॅलोजन, कारण दोन गट. मी हात जोडून सांगितलं, अहो, अंधार करण्यासाठी हॅलोजन कशाला? तर म्हणे, अंधारात ज्येष्ठ नागरिक पडले तर जबाबदार कोण? तुम्ही लिहून देता?

त्या संध्याकाळी माझाच सत्कार होता. शाल आणि नारळ. मी गच्चीवर दुर्बीण लावून, मोजे घालून, तसाच खाली आलो आणि शाल घेतली. एम-पंधरा डोक्यावर येत चालला होता. मी घड्याळ बघत होतो. काकांनी माइक हातात घेतला, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. तिथे देवाला सगळं समजावून सांगायचं असतं आणि जमलेल्यांनी हुंकार भरायचा असतो.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ए विंग गरजली.

"आज ह्या चंदून जी दुर्बीण लावल्यान हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथवर ठीक होतं. मला भरूनही आलं. पण गाऱ्हाणं घालणाऱ्याला एकदा सूर लागला की तो थांबत नाही.

"आणि ह्या सोसायटीक खयचो बिल्डर बरो आणि खयचो वायट, तेचो कौल आकाशातसून दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" या वेळी आवाज फारच मोठा आला. मी शाल सावरून जिन्याकडे पळत होतो, त्यामुळे त्या वाक्याकडे माझं लक्ष गेलं नाही. जायला हवं होतं. गावी देवळात कौल लावताना पाषाणावर चिकटवलेलं फूल उजवीकडचं पडतं की डावीकडचं, यावर जमिनीचे आणि लग्नाचे निर्णय झालेले मी लहानपणापासून पाहिले आहेत. या माणसांनी कौल मागितला म्हणजे ते उत्तराची वाट बघणार, हे दुसऱ्या कोणाला नाही तरी मला कळायला हवं होतं.

मी गच्चीवर पोचलो तेव्हा खाली मोजणी चालू होती. एक, दोन, तीन. एकही कंदील विझला नाही. ए विंग बी विंगकडे बघत होती आणि बी विंग ए विंगकडे. परत एक, दोन, तीन. परत तेच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी कठड्यावरून ओरडलो, "अहो, कोणीतरी करा ना बंद!" त्यावर खालून कोणीतरी माइक माझ्या दिशेने वळवायला गेलं, वायर ओढली गेली, हॅलोजन कलंडला, मीटर रूममधून 'फट्' असा आवाज आला आणि अख्खी सोसायटी अंधारात बुडाली. कंदील, हॅलोजन, जिना, सगळं.

देवाने गाऱ्हाणं ऐकलं होतं.

मी शटर चालू केलं. ताऱ्यांच्या मागे मागे कॅमेरा फिरवणारा माझा स्टँड बॅटरीवर चालतो. एक फोटो, दुसरा, तिसरा. मी श्वाससुद्धा हळू घेत होतो. आणि तेवढ्यात गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीतून आवाज आला.

"खवणेकर! मला माहितीये तुम्ही वर आहात!"

सुहासिनी टीचर लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. ए विंगचे लोक खरंच कंदील बंद करतात का, ते वरून तपासायला निघाल्या होत्या. लिफ्टचा बोळ म्हणजे मोठा भोंगाच. त्यांचा आवाज थेट माझ्या कानात येत होता. मी हललो असतो तर गच्ची हलली असती, गच्ची हलली असती तर तारे हलले असते.

"टीचर, हवा येतेय ना?" मी कुजबुजत्या आवाजात विचारलं.

"येतेय."

"मग पाच मिनिटं बसता का खाली? प्लीज."

एवढं बोलून मी पुढचा फोटो घेतला. नंतर त्यांनी मला 'उलट्या काळजाचा' म्हटलं, ते मला मान्य नाही. मी अधूनमधून विचारत होतो. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत माझे पोटभर फोटो झाले होते, आणि टीचरांचं माझ्याबद्दलचं मत कायमचं झालं होतं. ए विंगने मुद्दाम फ्यूज उडवला आणि खवणेकरने मुद्दाम त्यांना लिफ्टमध्ये बसवलं, असं बी विंगमध्ये त्याच संध्याकाळी सर्वांना माहीत झालं.

मला काही पर्वा नव्हती. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळपासून मी फोटो एकावर एक रचले. सूर्यासारखा एक तारा शोधला, त्याच्यावरून रंग जुळवला. आणि दुपारी जेवणाच्या वेळेला तो गुच्छ माझ्यासमोर उभा राहिला. बहुतेक तारे फिकट पिवळे. त्यात इथे तिथे केशरी, मोठे, म्हातारे तारे. आणि त्यांच्या मधून मधून निळे, अगदी थोडे, जवळजवळ लाजरे. एकही पांढरा नव्हता. कोणी रंगवलेलं नव्हतं. ते तसेच होते, आधीपासून तसेच होते, माझ्या आजोबांच्या आजोबांच्याही आधीपासून. मी अस्मिताला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि बघत उभी राहिली.

"खरंच असे आहेत?" तिने विचारलं.

"खरंच."

"हा एक निळा किती छान आहे," ती म्हणाली, आणि आमटी उतू गेली तरी हलली नाही. त्या दुपारी मी सुखी होतो. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण इथून पुढे तसं काही नाही.

माणूस सुखात असला की मूर्खपणा करतो. सोसायटीने माझ्यासाठी अंधार केला, तर आभार मानायला हवेत, असं मला वाटलं. मी तो फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

पहिला मेसेज काकांचा. 'कौल इलो.' पुढे हात जोडल्याची चिन्हं, ओळभर. मला अर्थ लागेना. दुसऱ्या मिनिटाला ए विंगमधून फुलं आणि आरत्या सुरू झाल्या. कोणीतरी फोटो मोठा करून तारे मोजले होते. केशरी जास्त होते, निळे कमी. देवाला विचारलं होतं, देवाने सांगितलं. केशरी पत्रकवाला बिल्डर बरा. आता मतदान कशाला?

मी धावत काकांकडे गेलो. "काका, हे तारे आहेत! हजारो प्रकाशवर्षांवरचे! त्यांना आपला बिल्डर माहीत नाही!"

"तुका काय ठावक, तेंका काय माहीत आसा ता," काका शांतपणे म्हणाले. "फूल पडता तेव्हा फुलाक माहीत असता काय? पडता ना?"

मी तसाच घरी परत आलो.

बी विंग गप्प बसली नाही. टीचरांनी अभ्यास केला. संध्याकाळी त्यांचा लांबलचक मेसेज आला: केशरी तारे हे थंड, म्हातारे आणि फुगलेले असतात, निळे हे तप्त आणि तेजस्वी, सुज्ञांनी बोध घ्यावा. सगळं शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं, हेच वाईट. 'म्हातारे आणि फुगलेले' हे शब्द काकांनी पोटावर हात ठेवून वाचले आणि त्यांचा बीपी वाढला. रात्री जेवताना माझ्याकडे दोन्ही गटांचे लोक वेगवेगळे येऊन गेले. केशरीवाले म्हणाले, केशरी थोडे गडद करा, कौल स्पष्ट दिसू दे. निळेवाले म्हणाले, तुम्ही ए विंगमध्ये राहता म्हणून निळे मुद्दाम फिके ठेवलेत, निम्मे-निम्मे करा. एक पट्टी तर सरकवायची असते कॉम्प्युटरवर, ती सरकवा.

"सरकवणार नाही," मी म्हटलं. "मी गेली वीस-बावीस वर्षं शेड जुळवतोय. समोर जो रंग आहे तोच मी देतो. गिऱ्हाईक रडलं तरी."

मी हे उभा राहून बोललो. अस्मिताने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं तिने लग्नानंतर फारसं पाहिलेलं नाही. मला वाटलं, आपण जिंकलो.

पुढच्या रविवारी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. विषय एकच: 'श्री. चंद्रप्रकाश खवणेकर यांनी काढलेला फोटो.' टेबलावर माझ्या फोटोची प्रिंट होती, तिच्या शेजारी गच्चीची चावी. आधी लिफ्टचं झालं. मग फ्यूजचं. मग कोणीतरी विचारलं, सोसायटीच्या गच्चीवरून, सोसायटीच्या अंधारात काढलेला फोटो कोणाच्या मालकीचा? मी म्हटलं, माझ्या. सभा हसली. हा फोटो बाहेर पवईला लागणार, तिथे दोन्ही बिल्डरांची माणसं येणार, वर्तमानपत्रात येणार, असं टीचर म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा काकांनी त्यांना मान हलवून दुजोरा दिला. मी सांगितलं की आमच्या प्रदर्शनाला वर्तमानपत्रवाले कधीच येत नाहीत, सभासदसुद्धा फार येत नाहीत. कोणाला पटलं नाही. दोन तास ओरडाआरडा चालला. एकदा तर काका आणि टीचर प्रिंटची दोन टोकं धरून उभे होते.

मग मागून शांताबाई उठल्या. त्यांनी आजवर सभेत तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं.

"पोरं झोपायची वेळ झाली," त्या म्हणाल्या. "तुमचं भांडन रंगाचं हाय ना? मग रंगच काडून टाका की. काळापांडरा करा. तारेच हायेत, पांडरेच बरे दिसत्यात."

काकांनी टीचरांकडे पाहिलं. टीचरांनी काकांकडे पाहिलं. प्रिंट हळूच टेबलावर ठेवली गेली.

ठराव टीचरांनी स्वतःच्या हाताने लिहिला, शुद्धलेखनासकट. सदर फोटो यापुढे सर्वत्र काळ्यापांढऱ्या स्वरूपातच दाखवावा. रंगीत प्रत कोणालाही देऊ नये. या अटीवर खवणेकर यांना गच्चीवरून तारे काढण्यास कायमची परवानगी देण्यात यावी. सूचक शांताबाई, अनुमोदक सीताराम घाडीगावकर.

"विरोधात कोण?" काकांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पवईची ती भिंतीवरची जागा माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि तिच्यासमोर उभी असलेली गंधाली. मग मी टेबलावरच्या चावीकडे पाहिलं. ही चावी गेली तर परत ग्रिलच्या मागे जायचं होतं. अस्मिताने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. काय म्हणायचं होतं तिला ते मी विचारलं नाही, नंतरही विचारलं नाही.

"बाजूने कोण?"

हात वर झाले. ए विंगचे, बी विंगचे, सगळे. मी वर बघितलं तर त्यांत माझाही होता.

"बिनविरोध," काका म्हणाले आणि त्यांचा आवाज कापला. सोसायटी स्थापन झाल्यापासून बिनविरोध मंजूर झालेला हा पहिला ठराव. टाळ्या झाल्या. टीचर आणि काकांनी एकमेकांना नमस्कार केला, लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले, कोणीतरी चकल्यांचा डबा फिरवला. माझ्या पाठीवरही पुष्कळ थापा पडल्या. मी चकली खाल्ली.

काकांनी चावी माझ्या मुठीत ठेवली आणि वरून मूठ दाबली.

"आता काढ रे चंदू, होये तितके काढ," ते प्रेमाने म्हणाले. "आमचो कोणाचोच विरोध नाय. फक्त रंग तेवढे गाळ."